आनी नारळ, सर?

बारावी ब, तिसरा तास. खिडक्या बंद,
कारण डिचोलीच्या रस्त्यावरून खाणीचे ट्रक चाललेत
आणि पांढऱ्या शर्टांच्या कॉलरींना
दुपारपर्यंत तांबडी कड येते.

गोष्ट परक्या मुलखातली, भाषांतरित.
पुस्तकात साडेसात पानं, परीक्षेला आठ गुण.
एक गाव. एक पेटी. पेटीत चिठ्ठ्या.
खुणेची चिठ्ठी ज्याच्या हाती येईल
त्याला बाकीच्यांनी दगड मारायचे.
का, ते लेखकाने सांगितलेलं नाही
आणि गावाने विचारलेलं नाही.

"अडाणी होते सर ते," दिप्तेश म्हणाला.
"कोणीच पोलिसात का गेलं नाही?" हे ऑल्विनचं.
वर्ग हसला. मीही.
फळ्यावर लिहिलं: प्रथा. त्याखाली: अंधानुकरण.
त्याखाली: समूहाचं मौन. त्याखाली रेघ.
पंधरा वर्षं मी ह्या रेघेपर्यंत येतो
आणि घंटा होते.

"आपल्याकडे आहे असं काही?"
हा प्रश्नही दरवर्षीचा, उत्तरंही.
सती. हुंडा. रॅगिंग.
सगळं कसं लांबचं, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातलं.

विशांती वहीला समास आखत होती.
बुधोची मुलगी. आमच्या देवळात सुवारीला ढोल असतो तो बुधो.
हात वर न करता, पट्टी न उचलता म्हणाली,
"आनी नारळ, सर?"

वर्गाला काही कळलं नाही.
मला कळलं.

कार्तिकातली पालखी. समया, अबोलीच्या माळा,
आणि पायरीच्या खाली वाजवणारे.
ह्यांच्या घामाशिवाय देव जागचा हलत नाही,
आमच्या घरात हे कौतुकाने सांगत.
वाजवून झालं की नारळ फुटायचा
आणि अर्धी कवड वरून खाली जायची.
खाली एक ओंजळ थांबलेली असायची.
मी सोळा वर्षांचा, सोवळं पहिल्यांदाच नेसलेलं,
सारखं सुटत होतं.
काका कानाशी म्हणाले, "हात लागता कामा नये.
नेम धर."

मी नेम धरला. चुकला.
कवड ढोलाच्या कातड्यावर पडली, धप्प.
सगळे हसले. बुधोही हसला, तेव्हा विशीतला.
मग वाकून उचलली, कपाळाला लावली,
आणि पुन्हा टिपरी घेतली.

नारळ म्हणजे प्रसाद गं, दगड नव्हे.
हे वाक्य जिभेवर तयार होतं, कर्ता-क्रियापदासकट.
व्याकरणावर जगणारा माणूस मी.
देणे, टाकणे. दोन्ही सकर्मक.
कर्म तेच, नारळ.
फरक असलाच तर दोन हातांमधल्या हवेचा,
आणि त्या हवेला आमच्याकडे
फार जुनं, फार शुद्ध नाव आहे.

घड्याळात अजून बावीस मिनिटं.
मी म्हटलं, "वह्या घ्या."
दुसरं काही सुचलंच नाही.

वह्या मी टेबलापासूनच फेकतो.
सगळ्यांच्याच, भेदभाव नाही.
नाव पुकारायचं, पोरं झेलतात, कॅच सुटला तर ओरडा होतो.
त्या दिवशी बाकाबाकाशी चालत गेलो.
मुलं एकमेकांकडे बघू लागली.
तिसऱ्या बाकापाशी वही दोन्ही हातांनी पुढे धरली,
जरा जास्तच खाली, आरतीचं तबक धरावं तशी.

विशांती माझ्या हातांकडे बघत राहिली.
मग बाकाच्या कोपऱ्याकडे बोट केलं.
"थंयच दवरा, सर."

मी ठेवली.

पुढची वही ऑल्विनची.
मी त्याच्यापासून दीड हातावर होतो, तरी त्याने
सवयीने दोन्ही हात वर केले,
झेलायला.