वीज जाण्याआधी

टाउन्सव्हिलला वादळ पोचायला पाच तास.
ग्लेनिसने खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या,
आणि मग तिला आठवलं फ्रीजमधलं लोणी.

अंगणभर लिंबं, हिरवीच,
वाऱ्याने न विचारता तोडलेली.
ती साल किसते. बोटाचं टोकही जरासं.
सुकं खोबरं, अंडी, साखर हाताला येईल तेवढी.
ट्रे आत सरकवला, तर बाहेर कुणाचा तरी पत्रा
धडाधडा आपटायला लागलेला.

वड्या निघाल्या आणि वीज गेली.
वरचा लोण्या-साखरेचा लेप काही थिजेना,
कडांवरून ओघळत राहिला
तिच्या मनगटापर्यंत.

दारावर टॉर्च. शेजारचा फर्गस,
ह्याच लिंबोणीच्या फांद्यांवरून
तीन वर्षं अबोला धरलेला.
"मेणबत्ती आहे?"
"नाही," ती म्हणाली.
"चमचे आहेत."