दारावरचा माणूस

देवमनमामा पराते, रूपतारा टॉकीजचा डोअरकीपर,
बावीस वर्षं.
सिनेमे किती पाहिले? म्हणाल तर हजार,
म्हणाल तर एकही नाही.

सुरुवात त्याला कधी दिसलीच नाही.
तेव्हा तो उशिरा येणाऱ्यांची तिकिटं फाडत असायचा,
टॉर्चचं वर्तुळ बायांच्या पावलांपुढे धरून :
"ई-चवदा. पायरी हाय बाई, सांभाळून."
मग सायकल स्टँडवरचं भांडण. मग समोसेवाल्याचा हिशेब.
शेवटची दहा मिनिटं मात्र आत, अंधारात,
कडीवर हात ठेवून.
पडदा पडला की दारं त्यानेच उघडायची होती.

म्हणून त्याला एवढंच ठाऊक :
कोण मेलं, कोण कोणाचा भाऊ निघाला,
पुलावर शेवटी कोण उभं राहिलं.
का, ते नाही.

बाहेर सहाच्या खेळाची लाईन.
मे महिना, तोंडाला दुपट्टे, खिशात कांदा.
"मामा, खुनी कोन हाय?"
"मले का माईत? मी त दारावर रायतो."
हे खोटं तो दिवसातून चारदा बोलायचा
आणि चेहरा असा कोरा ठेवायचा
की नवीन माणसाला वाटावं, याला ऐकू कमी येतं.

मामीलाही सांगायचा नाही.
ती कांड्या भरता भरता विचारायची,
"एवढं तरी सांगा, ते पोरगी वाचते का?"
"पास आनतो."
पास यायला दोन आठवडे लागायचे.
तेवढे दोन आठवडे ती पोरगी
मामीच्या घरात जिवंत असायची.
मामी तिच्यासाठी शनिवार धरायची.

एकदाच घोळ झाला. तीनचा खेळ सुटला,
सक्करदऱ्याचं एक पोरगं कठड्यावर चढलं
आणि लाईनीकडे तोंड करून ओरडलं :
"वकिलानं मारलं! वकिलानं!"
तीनशे माणसं गप्प.
मग मागून कोणीतरी, बारीक आवाजात,
"घेऊन जा गे मारबत..."
आणि सगळी लाईनच ओरडायला लागली.
पोरगं घाबरून उतरलं ते मामाच्या अंगावर.
मामाने मारलं नाही. कटिंग पाजला.
म्हणाला, "तू पैसे देल्ले, त्याइनंबी देल्ले.
आपल्या ताटातलं खाय ना बाप्पा,
दुसऱ्याच्या ताटात कायले थुकतं?"

आता रूपताराच्या जागी लग्नाचा हॉल आहे.
मामा दिघोरीला, पोरीकडे. मामी नाही.

परवा शुक्रवारी माझा वेदांग पहिल्याच दिवशी
सिनेमा पाहून आला,
आणि ऑटोत बसल्या बसल्या शेवट शंभर जणांना कळवून मोकळा.
कोणी शिव्या दिल्या, कोणी हात जोडले,
एकीने नुसतं लिहिलं : उद्याची तिकिटं काढली होती रे.
मी रागावले तर म्हणतो,
"माहीत असलं म्हणून काय बिघडतं?"

रविवारी त्याला दिघोरीला नेलं, मुद्दाम.
कूलरसमोर मामा खाटेवर बसलेला.
वेदांग म्हणाला, "आजोबा, नवीन सिनेमाचा शेवट सांगू?
भारी आहे."

मामाने हात वर केला. तोच हात, कडीवरचा.
"शेवट नोको. शेवट मी लय पाह्यले.
सुरवात सांग.
नावं पडाच्या आदी काय दिसते?
रस्ता? का घर? पयले कोन बोलते?"

वेदांगने तोंड उघडलं.
मग माझ्याकडे पाहिलं.
"आम्ही... पॉपकॉर्नच्या लाईनीत होतो.
वीसेक मिनिटं गेली."

कूलर गुरगुरत राहिला.
मामाला हसू आलं, मग ठसका,
मग पुन्हा हसू.
"बस मंग," म्हणाला,
आणि गुडघे आखडून घेतले त्याने, जागा करत,
अंधारात कोणी उशिरा आलं
की रांगेतले घेतात तसे.