नऊ नंबरचा बेड

रात्रभर दार मागतात, असं सिस्टरनी फाइलवर लिहिलंय.
पळायला बघतात. सलाइन दोनदा उपटली.
म्हणून मनगटं बांधलीत गॉजच्या पट्टीनं,
सैलसर.

मी अकराला येते, चपला काढून, हात धुऊन.
गळ्यात स्टेथोस्कोप नाही,
म्हणून वॉर्डबॉय अजून विचारतो, कुणाच्या नातेवाईक?

"सत्तय्या, आज मंगळवार. सकाळ आहे.
हे सोलापूर. हे हॉस्पिटल.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, तुमची मजा आहे, एसीत."
ते हसत नाहीत.
इथं खिडकी नाही, ट्यूबलाइट विझत नाही,
मी सकाळ म्हणते, ते कशावरून?
मास्कच्या आत नुसती वाफ:
दार... दार...

राजव्वा जिन्यात बसलेली.
मांडीवर सूप नव्हतं, तरी बोटं विड्या वळत होती.
मी विचारलं, घराचं दार उघडं राहिलंय का? कुणी यायचंय?
ती बघत राहिली माझ्याकडं.
"दार न्हवं ओ मॅडम. दारम्.
आमच्या तेलुगूत दोऱ्याला म्हणत्यात."

एकतीस वर्षं, साखर पेठ, चार माग एकटा माणूस.
तार तुटली की धावायचं.

परत आत गेले, तर
शेजारच्या बेडचा व्हेंटिलेटर: खटक्, फूस. खटक्, फूस.
पलीकडचाही. त्याच्या पलीकडचाही.
रात्रभर एवढे माग चालू,
आणि कापड कुठंच नाही.

सिस्टरला म्हटलं, पट्ट्या सोडा, मी बसते.
मास्क ओढला तर सही तुमची, म्हणाल्या.
माझी.

बाहेरची वस्तू चालत नाही आत.
टॉवेल इथलाच होता. काठ उसवला,
तुटकी दोन टोकं ठेवली त्यांच्या चिमटीत.
सुयांनी निळी झालेली बोटं
क्षणभर नुसती थरथरली.
मग गाठ बसली. कशी, ते मला दिसलंच नाही.
दुसरी. तिसरी.
पल्स एकशे तीसवरून एकशे बारा.
डॉक्टर म्हणाले, रात्रीच्या औषधाचा परिणाम.
असेलही.

ते बरे झाले तर वाचतील म्हणून एक वही ठेवते मी.
तिच्यात लिहिलं: मंगळवार. सात गाठी. राजव्वा जेवली नाही, चहा घेतला.

फाइलमधलं 'दार' खोडलं नाही.
पुढं फक्त एक म लावला,
पाय मोडका.