फरक जाणवत नाही

रात्री अकराला लावलं आणि झोपले.
सकाळी सहाला एकसष्ट टक्के.
टेबलाखाली संगणकाचा पंखा धापा टाकतोय,
बाहेर डलुथचं डिसेंबर, उणे एकोणीस,
बंदरातून हंगामातलं शेवटचं जहाज
लोखंडाची माती घेऊन निघालेलं.

कोल्हापूर स्टँडबाहेर तीस रुपयांना घेतलेल्या दोन तबकड्या,
दोन तास चाळीस मिनिटं,
आणि ते सगळं मावायला हवं
टपाल तिकिटाएवढ्या कार्डात,
तळहातावरच्या संगणकात.
मावण्याचं गणित मला ठाऊक आहे.
विमानतळाच्या काट्यापाशी भावाने बॅगेतून
आधी खलबत्ता काढला, मग शब्दकोश,
मग खलबत्ता परत आत ठेवला.

तसंच हे. रंग कमी केले.
आवाज एका कानापुरता.
सेकंदाला पंचवीस चौकटींच्या बारा.
प्रोग्राम म्हणाला,
छोट्या पडद्यावर फरक जाणवत नाही.

रविवारी लाँड्रोमॅटमध्ये, चादरी घुमत असताना,
एकोणपन्नासाव्या मिनिटाला पोचले.
जत्रेचा सेट, पुठ्ठ्याचं देऊळ, नाचणाऱ्या पोरी.
तिसरी रांग, डावीकडून दुसरी:
चंपूआत्या.

घरात सांगायचे, ती तेव्हा टायपिंग शिकायला गेली होती.
टायपिंग तिला शेवटपर्यंत आलं नाही.
पुढे निपाणीला दिली, तंबाखूच्या वखारवाल्यांकडे,
आणि चाळीस वर्षांत कुणी विषय काढला नाही.
मी निघाले त्या दुपारी, साडीला फॉल लावता लावता,
सुईवरची नजर न काढता म्हणाली,
"मान चुकली गं माझी. सगळ्या उजवीकडे,
मी सरळ कॅमेऱ्यात बघितलं.
मास्तर ओरडले. पण रीळ महाग, तसंच ठेवलं."

मी थांबवून पाहिलं. मागे नेलं. परत पाहिलं.
सगळ्या उजवीकडे.
तीसुद्धा उजवीकडे.

घरी येऊन तबकडी घातली, एकेक चौकट सरकवली.
आहे की. सहा चौकटी, पाव सेकंद,
भुवया वर, तोंड किंचित उघडं,
हाक मारल्यासारखी वळलेली.
सहातल्या तीन मीच गाळल्या होत्या.
उरलेल्या तिनांत यंत्राला वाटलं,
मागच्या रांगेत काही घडलंच नाही,
म्हणून जागा वाचवायला
आधीचाच तुकडा पुन्हा चिकटवला.
यंत्राला काय बोलणार.
आमच्याकडे तर माणसं होती.

मग फक्त चार सेकंद घेतले.
पंचवीसच्या पंचवीस चौकटी, सगळे रंग.
त्यासाठी नायकाचं मरण काढलं कार्डावरून,
शेवटची अकरा मिनिटं. तो कसा मरतो ते माहीतच होतं.

पुढच्या रविवारी शेजारच्या मशीनवरच्या आयली लाहती
चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या.
"केवढी इवली माणसं! खेळ आहे का हा?"
म्हटलं, सिनेमा. ही बघा, ही.
"कोण ती?"
"माझी आत्या," मी म्हणाले, मोठ्याने,
ड्रायरच्या वरताण.
त्यांनी मान हलवली, खिशातली नाणी मोजली,
आणि एक पंचवीस सेंटचं कमी आहे का माझ्याकडे, विचारलं.
होतं.

बस उशिरा. थांब्यावर हातमोजा काढून
पुन्हा एकदा लावलं.
थंडीत पडदा गारठतो, आधी माहीत नव्हतं:
आतला द्रव जड होतो,
गेलेलं चित्र लगेच जात नाही,
येणाऱ्यामागे रेंगाळत राहतं.
सगळ्या पोरी उजवीकडे वळल्या
आणि चंपूआत्या समोर बघत राहिली,
पाव सेकंदाच्या पुढे, अर्ध्याच्याही,
देऊळ पुसट होऊन तिच्यातून आरपार दिसेपर्यंत.

मग बॅटरी गेली.
बोटं बधिर. काळ्या काचेत माझी कानटोपी.
सतरा नंबरची बस चढ चढताना दिसली,
आणि मी उगाच
चादरींची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.