बाउक्ये

फ्रीसलँडच्या दूध संघाचा हॉल.
ओल्या बुटांचा वास, कॉफी,
पडद्यावर भलंमोठं कुलूप.
येल्मर विचारतो,
"पासवर्ड गाईच्या नावाचा, असे कितीजण?"
हशा. हात एकही वर नाही.
वित्स्के साखर ढवळत राहते,
केव्हाच विरघळली तरी.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या डाउवेचा
धार काढणारा रोबो
कुणीतरी कुठूनतरी जखडून टाकला.
पहाटेपर्यंत ऐंशी गाई हंबरत होत्या,
कासा दगडासारख्या,
आणि स्क्रीनवर खंडणीचा आकडा,
वर 'कृपया'.

घरी येऊन ती बदलते:
बारा अक्षरं, आकडे, एक उद्गारचिन्ह,
कुणाचीच आठवण येणार नाही असं काहीतरी.
कागदावर लिहू नका, म्हणाला होता,
म्हणून पिठाच्या डब्याच्या
झाकणाला आतून लिहिते.

नवरा गेला त्या वर्षीच गेली ती गाय.
तेव्हापासून ते नाव
तिनं फक्त बोटांनी उच्चारलं,
समोर नुसते काळे ठिपके.
आता त्या नावानं काहीच उघडत नाही.

गोठ्यातला दिवा लावते.
"बाउक्ये," म्हणते. मोठ्यानं.

कोपऱ्यातली कालवड,
जिला अजून नुसता नंबर आहे,
रवंथ थांबवून
कान वळवते.