घाट बंद

पहाटे साडेचारला शाहूपुरीतल्या लॉजखाली उभा होतो.
काचा पुसलेल्या, पाण्याच्या दोन बाटल्या,
वळणांवर मळमळलं तर आवळासुपारी,
आणि माझ्याकडं तोंडपाठ अख्खं आरमार.

सवारी एकच. गाडी सगळी तिच्या नावावर:
रेगे, शरयू. इंदूर. वय विचारत नसतो आम्ही.
मांडीवर पिशवी, पिशवीत खोकल्याच्या औषधाची बाटली,
रिकामी, धुऊन, लेबल नखानं खरवडलेलं.
"समुद्राचं पाणी न्यायचंय. यांनी सांगून ठेवलंय."
हे म्हणजे कोण, ते
मोबाइलच्या कव्हरात होते, पासपोर्टच्या फोटोएवढे.

बालिंगा गेलं, कळे गेलं,
दुधाचे टेंपो उलटे शहराकडं पळत होते,
आणि मी सुरू केलं:
विजयदुर्गाचे तिन्ही तट, पाण्याखालची भिंत,
वाघोटनच्या खाडीतली गोदी,
गिर्यात रामेश्वराच्या दारातली डोलकाठी.
जहाज कुठं गेलं म्हणाल, तर देवदर्शनाला!
इथं हशा येतो. ती हसली नाही.
"गिर्ये आमचंच," म्हणाली. "यांचे आजोबा तिथनं निघाले,
त्यानंतर कुणी गेलंच नाही."

गगनबावड्याला रस्त्यात आडवं पिंप, पिंपावर लाल फडकं.
"करूळला दरड आलीया. भुईबावडा बी बंद.
फोंड्यानं जावा, न्हाईतर घरला जावा."
फोंडा म्हणजे सगळा वळसा, आणि तिची रात्रीची गाडी.

कड्यावर जाऊन उभे राहिलो.
खाली कोकण नव्हतं.
खाली पिंजून टाकलेला कापूस, आणि त्यात कुठंतरी एक ट्रक
हॉर्न देत होता, अडकलेला.
सवयीनं हात लांब केला:
"आभाळ मोकळं असलं की इथनं समुद्र दिसतो."
"तुम्ही पाहिलाय?"

अठरा वर्षं हे वाक्य विकतोय.
कुणी कधी पावती मागितली नव्हती.
"न्हाई," म्हटलं. "वडील सांगायचे.
त्यांनाबी कुणीतरी सांगितलेलं."
तेव्हा हसली. डोलकाठीचं उधार तिथं फिटलं.

अर्धे पैसे परत देतो म्हटलं, तर घड्याळ दाखवलं.
"दिवसभराचं ठरलंय ना, शिकलगार? अजून दहासुद्धा वाजले नाहीत."

मग मी तिला कोल्हापुरात समुद्र शोधत हिंडवलं.
लक्ष्मीपुरीत सुकटीच्या पाट्यांपुढं ती
अत्तराच्या दुकानात उभी राहावी तशी उभी राहिली.
बोंबील घेतले पावशेर; गाडीला वास लागेल म्हणून
तीन पिशव्यांत बांधले, तरी लागलाच.
रंकाळ्यावर वारा होता. वीतभर लाटा
दगडावर येऊन जमेल तेवढं आपटत होत्या.
"प्रॅक्टिस करतायत," म्हणाली.

आणि टाऊन हॉलात, काचेआड, तो.
ब्रह्मपुरीच्या मातीत सापडलेला कांस्याचा परदेशी देव,
समुद्राचा, उंचीला हाताच्या पंजाएवढा.
"इतक्या आत कसा आलास रे?" तिनं विचारलं.
काचेला कपाळ टेकून विचारलं.
त्यालाच की मोबाइलच्या कव्हरातल्याला, मी बघितलं नाही.
मी बाहेर येऊन चाफ्याखाली टायरची हवा बघत बसलो.
हवा बरोबर होती.

स्टँडवर उतरताना बाटली माझ्या हातात दिली.
"तुम्ही जालच. घाई नाही."

घाट दिवाळीनंतर उघडला.
बाटली गिर्याच्या खाली भरली, गुडघाभर पाण्यात,
पँट न दुमडता.
तिचा नंबर लागतो. वाजत राहतो.

आता कड्यावर थांबलो की सांगतो,
इथनं समुद्र दिसतो म्हणतात; मी पाहिलेला नाही.
टिप कमी मिळते.
बाटली गिअरजवळ असते, टोलच्या पावत्यांत.
तळाची चिमूटभर वाळू वळणावळणाला
या कडेची त्या कडेला जाते.
सवाऱ्या विचारतात, खोकला झालाय का?
"न्हाई ओ," म्हणतो, "बुकिंग आहे."