ट्रेच्या जागी

तिकिटांचा ट्रे डेपोत जमा केला
त्या दिवसापासून पेटीत
एक वीत आणि पाच बोटं जागा रिकामी.
मशीन आलं, ते गळ्यात असतं.
पेटीत उरलं वे-बिल, टॉवेल, लिंबाचं लोणचं
आणि खड्ड्याखड्ड्याला पत्र्यावर आपटणारी
ही पोकळी.

सीताबर्डीच्या दुकानात मी बोटं मोजतच शिरलो.
काउंटरमागचे चांडक म्हणाले, घ्यायची तर मोठी घ्या,
सहा इंची आरसा, एकदाच काय तो खर्च,
नेपच्यूनसुद्धा दिसेल.
म्हटलं, मला नेपच्यूनला जायचं नाही.
मला वाघदऱ्याला जायचं आहे.
पांढरकवड्याहून सव्वासहाची, रात्री मुक्काम,
पहाटे साडेपाचला परत. आठवड्यातून चारदा.

मग एक लांब नळीची दाखवली. पांढरीशुभ्र, देखणी.
पण तिपाईचे पाय असे लटलटत होते
की शेजारी कुणी खोकलं तरी चंद्र पडावा.
खोक्यावर छापलेलं : पाचशे पंचवीस पट.
मी हसलो.
आमच्या गाडीच्या काट्यावरही
एकशेवीसपर्यंत आकडे आहेत.

चांडक माणूस वाईट नव्हता.
खालच्या कप्प्यातून त्याने एक बुटकी काढली,
खोक्याचा कोपरा उंदराने खाल्लेला.
तीन इंची आरसा, दोन भिंगं, लाकडी बूड,
पाय नाहीतच.
हिला ठेवायची कुठे?
जागा मिळेल तिथे, म्हणाला.
हे वाक्य चोवीस वर्षं
दिवसातून शंभरदा मी म्हणत आलोय.

पेटी दुकानातच उघडली.
नळी सरळ बसली, बूड आडवं, भिंगं टॉवेलात.
लोणच्याची बरणी तेवढी हातात घ्यावी लागली.
छत्तीसशे रुपये.

टेकामने स्टिअरिंगवरूनच विचारलं,
'याचं लगेज फाडलं काय जी?'

वाघदऱ्यात रात्री मोकळ्यावर उभं राहत नाही कुणी,
नावात आहे ते रानातही आहे.
म्हणून मागच्या शिडीने टपावर चढलो.
घराघरांत कापूस छतापर्यंत,
गावाला त्याचाच उबट वास,
आणि दिवे एकामागून एक मिटत गेल्यावर
आभाळ एवढं खाली आलं
की मी नकळत मान वाकवली.

गुरू सापडला. त्याच्या बाजूला चार ठिपके
एका रेघेत, जागा धरून बसलेले.
मग शनी.
तिळाएवढा. पण तिळाला कडं होतं.
श्वास रोखला आणि तेवढ्यात
तीळ थरथरला, डावीकडे गेला, पुन्हा आला.
मी भिंग पुसलं. पुन्हा थरथर.
खाली, तीनच्या सीटवर,
टेकामने कूस बदलली होती.

पाय नसलेली दुर्बीण घेतली म्हणजे
गाडीच तिचे पाय होणार,
आणि गाडीत एक माणूस झोपणार,
हे चांडकनेही सांगितलं नव्हतं.

'काय करून रायला बे वरतं?'
गुडघे धरत, शिव्या देत तो चढला.
डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.
पहाटेची बाज त्याला ठाऊक होती,
बाज पळवणारे तीन चोरही.
हे कडं नव्हतं ठाऊक.
'हे रोज येते इथं?'
रोज. सध्या तरी.
'टायमावर?'
जवळजवळ. रोज चार मिनिटं आधी.
'आधी!' म्हणाला, आणि खाली उतरून गेला.

त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.
तो तीनच्या सीटवर, मी टपावर.
बहुतेक रात्री शनी हलतो, मी थांबतो,
स्प्रिंगा शांत होतात, पुन्हा पाहतो.
पण कधी कधी
अर्धा अर्धा तास तो जरासुद्धा हलत नाही,
आणि त्या रात्री मला कळतं,
टेकाम जागा आहे.